मेल्लग म्हणजे हळू

ठेव ती केरसुणी खाली, लीला, अन् पड इथं सतरंजीवर. कंबर धरली म्हणतीस अन् वर वाकून वाकून अंगण झाडतीस, अक्कल गहाण टाकलीस का काय? शेजारची सून हायेस म्हणून एवढंच बोलते, माझी असतीस तर आणखी ऐकलं असतंस. उताणी पड. गुडघे वर घे. आता काय करू म्हणून इचारू नकोस, काहीच करू नकोस. पाठीचा कुठला भाग भुईला टेकलाय अन् कुठला न्हाय, तेवढं बघ. डोळ्यानं न्हाय गं, पाठीनं बघ.

हे मला कुणी शिकवलं म्हणतीस? माझ्या थोरल्या जावेनं. शरणम्मा तिचं नाव. मी तिला अक्का म्हणायची. पडल्या पडल्या ऐक तिची गोष्ट. सुरुवातीला हसू येईल, येऊ दे. पुढं येणार न्हाय.

येरमाळ्याच्या अलीकडं कोसभर आमचं गाव. निजामाचं राज होतं तवा, आमच्या मुलखाला मोगलाई म्हणायचे अन् पलीकडं बार्शीला इंग्रजाची हद्द. आमचं घर लिंगायत वाण्याचं, भुसाराचं दुकान. पिढ्यान् पिढ्या इकडं राहून घरातली कानडी पार विरून गेली होती. हाक मारण्यापुरती उरलेली, म्हंजे सासूला अव्वा, थोरल्याला अण्णा, एवढीच. थोरले दीर वीरप्पा, त्येच अण्णा. धाकटे महारुद्र, माझे मालक. अण्णांना बायको केली ती आळंदकडची, कानडी मुलखातली. अक्काला मराठी यायची, पण घाबरली, दचकली, की तिची जीभ सरळ माहेरी पळायची.

ती नवी नवरी असतानाची गोष्ट आमच्या घरात इतक्या बारी सांगितली गेली, की मी तिथं नव्हते तरी मला दिसती. अव्वा चुलीवरनं आमटीचं पातेलं उतरवत होती. पातेलं कललं. अक्का मागनं वरडली, "मेल्लग! मेल्लग!" आता कानडीत मेल्लग म्हंजे हळू. पण आमच्या अव्वाच्या कानाला काय कळणार? तिला ऐकू आलं, 'मेलं गं, मेलं गं!' पातेलं दणकन खाली, आमटी सगळी चुलीत, अन् अव्वा कपाळावर हात मारून वरडाय लागली, "कोण मेलं गं? माझं कोण मेलं?" शेजारची एक बाई तर पदर तोंडाला लावून रडायच्या तयारीनंच आली. नंतर कळलं तवा सगळी आळी हसून हसून लोळली. त्या दिवसापासनं गावात अक्काचं नाव पडलं, मेलंगंबाई.

अव्वा मातुर हसली न्हाय. म्हणाली, "पेटल्या चुलीपुढं असलं बोलू न्हाय. हळू म्हणत जा." अक्का हळू म्हणायला शिकली. पण सांगितलं की, दचकली की जीभ पळायची.

आता हे पाठीचं. अक्का लहानपणी विहिरीच्या पायऱ्यांवरनं घसरली होती. खुबा दुखावला. हाडवैद्यानं येऊन असा झटका दिला, की पोरगी वर्षभर अंथरुणाला खिळली. सगळ्यांनी आशा सोडली. त्या पोरीला पडल्या पडल्या दुसरा काय उद्योग? घरातली मांजर बघत राहायची. मांजर झोपेतनं उठती तवा कशी उठती बघ कवा. उडी मारत न्हाय. आधी एक पाय ताणती, मग पाठ, मग शेपटीपतूर सगळं अंग जागं करती, अन् मग उभी राहती. अक्कानं म्हणलं, मांजरीला जमतं तर मला का न्हाय? आधी अंगठा हलवला. मग घोटा. जिथं दुखायला लागंल तिथनं माघारी. असं करत करत पोरगी उठली, चालायला लागली, लग्न होऊन आमच्या घरी आली. जराशी लंगडायची, पण लंगडत लंगडत साऱ्या घराचं पाणी भरायची.

तिचा एकच नेम होता. दुखायच्या अलीकडं थांबायचं. आपल्या लोकांना हे पटतंय व्हय? आपल्याकडं म्हण, टाकीचे घाव सोसल्याबिगर देवपण येत न्हाय. कंबर धरली, घाला लोखंड तापवून डाग. मान आखडली, द्या हिसका. तेल लावून असं चोळायचं, की माणूस किंचाळलं पायजे, तरच औषध लागू पडलं म्हणायचं. अन् ही बाई म्हणती, निजा, गुडघे बोटभर इकडं कलवा, बोटभर तिकडं, अन् श्वास घ्या. आमचे मालक म्हणायचे, "वहिनीचं औषध म्हंजे झोपा काढायचा धंदा."

म्याही हसले होते. पण पहिल्या बाळंतपणानंतर माझी पाठ अशी धरली, की लेकराला उचलायची सोय उरली न्हाय. दाईनं तुडवलं, तवा तर जीव जातो का राहतो असं झालं. मग अक्कानं मला भुईवर निजवलं, डोक्याखाली घडी घातलेलं लुगडं दिलं, अन् शेजारी बसून म्हणाली, "प्रेमा, काही करू नकोस. तुझी पाठ कुठं हाय ते फकस्त मला सांग." मला सांगताच येईना! पाठ म्हंजे दुखणं, बाकी काय ठावंच नव्हतं. हळूहळू कळाय लागलं, की मी श्वास घेतला तर उजवी फासळी उठती अन् डावी अडून बसलीय. कुणी तिला दम दिला न्हाय, कुणी वढली न्हाय. थोड्या दिवसांनी तिची तीच सुटली. लेकराला उचलून छातीशी धरलं तवा मी अक्काच्या गळ्यात पडून रडले. माझ्या आईनं केलं नसतं तेवढं तिनं केलं माझ्यासाठी. खोटं कशाला बोलू?

बोलू नकोस मधी. गुडघे कलव बोटभर. व्हय, तेवढंच.

मग ते वरीस आलं. इंग्रज गेला, पण आमचा निजाम काय गेला न्हाय. गावागावांत धास्ती. रझाकार आले, अमुक गाव जाळलं, तमुक गावातनं माणसं उठली, असं रोज कानावर यायचं. आमच्या आळीतली घरं एकेक करून बार्शीला निघाली. अन् नेमके त्याच दिवाळीच्या सुमाराला अण्णा पोत्यांच्या थप्पीवरनं पडले. खाली दगडी उंबरा. कमरेत बसला.

हाडवैद्याला आणलं. आणलं कुणी? आमच्या मालकांनी. अक्का नको नको म्हणत होती. त्यानं अण्णांना पालथं घातलं, पाठीत गुडघा रोवला अन् खांदे धरून वढले. अण्णांची ती किंकाळी अजून माझ्या कानात हाय. त्यानंतर त्यांचा डावा पाय बधिर झाला. अक्का दारात उभी राहिली, डोईवरचा पदर खांद्यावर पडलेला, त्याचंही भान न्हाय, अन् म्हणाली, "आता ह्यांच्या अंगाला कुणी हात लावायचा न्हाय. कुणी म्हंजे कुणी."

मालक म्हणाले, "वहिनी, उद्या गाव उठलं तर? अण्णाला गाडीत घालून न्यावं लागंल."

"गाडीत न्हाय," अक्का म्हणाली. "गाडीच्या हिसक्यानं त्यांची कंबर जाईल ती परत यायची न्हाय. मी त्यांना पायानं नेईन."

"कवा?"

"चालायला लागले की."

मालक हसले. पण अक्का हसली न्हाय. गाव उठायच्या आत नवऱ्याला त्याच्या पायावर उभं करायचं, हा तिचा पण. दुसरं काही तिला दिसंनाच. माझं ध्यान तिच्याकडं असायचं, अन् मनात धाकधूक, आधी काय येतंय, पाय का रझाकार?

सकाळची भाकरी झाली की ती अण्णांशेजारी बसायची. "उजव्या पायाचा अंगठा हलवा. हां. आता सांगा, हलवताना मांडीला काय कळलं? कमरेला काय कळलं?" अण्णा वैतागायचे. "अगं, मी वाणी माणूस! बोटाबोटानं माल मोजत बसलो तर दुकान बुडंल." तरी करायचे. डावा पाय बधिर, तो हलंना. तवा अक्का म्हणायची, "डाव्याला हलवू नका. उजव्यानं काय केलं ते डाव्याला सांगा फकस्त." अण्णा म्हणायचे, "माझे पाय काय एकमेकांचे साडू हायेत, गप्पा मारायला?" अन् दोघं हसायचे. अशी हसायची दोघं त्या धास्तीत, की मला त्यांचा हेवा वाटायचा. माझ्या मालकानं कवा माझ्यासंगं असं हसून बोललेलं आठवत न्हाय मला.

अण्णा जरा जोर करायला गेले, की अक्काचा हात त्यांच्या पोटावर यायचा अन् ती म्हणायची, "मेल्लग." त्यांच्यापाशी ती हळू म्हणत नव्हती. तो शब्द त्या दोघांचा झाला होता. अव्वा बाहेरनं वरडायची, "अगं आजारी माणसापुढं तरी ते नको बोलूस!" तर अण्णाच म्हणायचे, "अव्वा, तू नको ऐकूस. मला त्यानंच बरं वाटतं."

अन् वाटलं गं! डाव्या अंगठ्याला मुंग्या आल्या. अण्णा एकदम वरडले, "ए, चावलं! मुंगी चावली!" अक्कानं पांघरूण उचलून बघितलं, मुंगी कुठं? अंगठा जागा झाला होता. मग कूस वळाय लागले. संक्रांतीला भिंतीला टेकून बसले, अन् आम्ही सगळ्यांनी त्यांच्या हातावर तिळगूळ दिला. होळीच्या सुमाराला खांब धरून उभे राहिले. मग एक दिवस अक्काच्या खांद्यावर हात ठेवून अंगणातल्या लिंबापतूर गेले. लिंबाला टेकून उभे राहिले, घाम निथळतोय, अन् काय म्हणाले ठावं हाय? "दुकान इथनं चांगलं दिसतंय की." अव्वानं तिथंच येडाईला नारळ बोलला.

पण लिंबापतूर चालणं म्हंजे लिंबापतूर. बार्शी म्हंजे बार्शी, अन् मधी बालाघाटाचा उतार. अक्का म्हणायची, "पावसाळ्यापतूर चालतील. दिवाळीला पडलेला माणूस होळीला उभा राहिला, मग पावसाळ्याला का चालायचा न्हाय?" पावसाळा तिनं कुणाकडं मागितला होता, देव जाणे. दिला न्हाय कुणी.

चैतात, येडाईची यात्रा तोंडावर आलेली, अन् भर दुपारी गावात हाकाटी झाली. शेजारचं गाव पेटलंय, धूर दिसतोय, संध्याकाळपतूर आपल्याकडं येतेत. झालं! लेकरं, म्हाताऱ्या, बोचकी, कुत्री, सगळं एकदम रस्त्यावर. चुलीवरची भाकरी तव्यात जळत टाकून बाया निघाल्या.

आमच्या दारात दोन गाड्या. एक आमची, तिच्यावर बिरदेव. बिरदेव आमचा जुना गडी, घरातलाच. अक्काचा शब्द न् शब्द त्याला कळायचा. "मेल्लग म्हणलं की बैलंसुद्धा थांबतेत," असं तो गमतीनं म्हणायचा. दुसरी गाडी भाड्याची. बार्शीकडचा एक माणूस माणसं न्यायला आला होता, उत्तरेश्वर नाव त्याचं. चांगला होता बिचारा. पण परका.

अक्का म्हणाली, "महारुद्र, आमच्या गाडीवर बिरदेव द्या. त्याला माझं कळतं."

मालक म्हणाले, "वहिनी, घरचं समदं सामान त्या गाडीत हाय. भांडीकुंडी, दागिने, देव. तिथं विश्वासाचा माणूस पायजे. ह्योबी गाडी हाकतोच की."

ऐकलंस? सामानाला विश्वासाचा माणूस, अन् माणसाला परका. त्यांच्या मनात वाईट नव्हतं, हे मलाही ठावं हाय. घाबरलेला माणूस आधी भांडी मोजतो. पण मी त्यांना ते कवाच माफ केलं न्हाय. संसार केला, लेकरं वाढवली, मेल्यावर रडले, पण माफ केलं न्हाय.

अक्कानं गाडीत कडबा अंथरला, त्यावर वाकळा, बाजूनं उशा. अण्णांना चौघांनी धरून वर घेतलं. तिनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं अन् उत्तरेश्वराला चांगलं मराठीत सांगितलं, "भाऊ, हळू चालवा. माणूस कमरेनं अधू हाय." तो म्हणाला, "व्हय आई, फुलासारखं नेतो." अन् खरंच नेलं. माळ संपेपतूर त्यानं बैलांना पाऊल उचलून टाकू दिलं न्हाय. मी मागच्या गाडीत अव्वासंगं सामानावर बसले होते. मालक पायी चाललेले. मला वाटलं, चला, निभावलं.

मग उतार लागला. नुसते दगड, अन् चाकं एका खड्ड्यातनं दुसऱ्या खड्ड्यात. मागनं कुणीतरी वरडलं, आले, आले! कोण आलं, कुठं आलं, कुणी बघितलं न्हाय. पण सगळ्या गाड्यांची एकच धांदल उडाली. उत्तरेश्वराच्या गाडीला पहिला मोठा हिसका बसला. अण्णा किंचाळले. अन् अक्काचा जीव गेला घाबरून, तिची जीभ पळाली माहेरी.

"मेल्लग! मेल्लग!"

अगं, त्या खडखडाटात त्या परक्या माणसाला काय ऐकू आलं असंल? मागं गाडीत आजारी माणूस, आधी त्याची किंकाळी, मग बाईचा आक्रोश, 'मेला गं! मेला गं!' त्याला वाटलं, गेला. माणूस गेला. आता हळू कुणासाठी चालवायचं? मढं मोगलाईत अडकलं तर बिचाऱ्या बाईला माती द्यायचीबी सोय उरणार न्हाय, अशी दया येऊन त्यानं कासरा ढिला सोडला अन् बैलांवर आसूड वढला. गाडी उधळली. ती आणखी वरडली, "मेल्लग! मेल्लग!" त्यानं आणखी एक वढला. जितकी ती हळू म्हणंल, तितकी गाडी जोरात. मी मागनं बघत होते. समजलं मला. लगीच समजलं. मी उभी राहून घसा फोडून वरडत होते, "हळू म्हणतीय ती! हळू म्हणतीय!" बिरदेव वरडत होता. अव्वा ऊर बडवून वरडत होती. आमचं सगळ्यांचं वरडणं त्याला काय वाटलं असंल? घरच्या माणसांचं रडणं, दुसरं काय! त्यानं मागं वळून बघितलंसुद्धा न्हाय.

उताराच्या तळाला ओढा हाय. तो ओलांडून त्यानं गाडी उभी केली. आम्ही पोचलो तवा तो मुंडासं काढून, हात जोडून गाडीपुढं उभा होता. डोळ्यांत पाणी. अक्काला म्हणत होता, "आई, आता रडू नका. हद्दीत आणलं बघा. आता नीट माती द्या त्यांना."

अन् तिच्या मांडीवरनं अण्णा म्हणाले, "कुणाला माती?"

तो माणूस मट्कन खाली बसला. अण्णांनी विचारलं, "शरणे, माझे पाय कुठं ठेवलेस?" ती वाकून त्यांची मांडी दोन्ही हातांनी धरूनच बसली होती.

पाय गेले. दोन्ही गेले. बार्शीच्या छावणीत ती रोज अंगठा धरून बसायची. "सांगा, काय कळतंय?" अण्णा म्हणायचे, "काय न्हाय." दुसऱ्या दिवशी पुन्हा. "काय न्हाय." एकदा तिला बरं वाटावं म्हणून म्हणाले, "मुंग्या आल्यागत वाटतंय." तिला लगीच कळलं, खोटं हाय. तिचा हात त्यांच्या पायावर होता, अन् तिच्या हाताला कवा कुणाचं अंग खोटं बोललं न्हाय. ती उठून बाहेर गेली, तंबूमागं जाऊन बसली. तेवढं एकदा तिला रडताना बघितलं म्या.

भादव्यात पोलिस ॲक्शन झाली, निजामाचं राज गेलं, लोक ढोल वाजवत गावाला परतले. आम्हीही. घराला कुलूप जसंच्या तसं. उंबऱ्यात धूळ, अन् तव्यावर त्या दिवशीची भाकरी काळी होऊन पडलेली. कुणी आलंच नव्हतं गावात! त्या दिवशी न्हाय, नंतर न्हाय. कुठं कुठं घरं जळाली, माणसं मेली, ते खरंच हाय. पण आमच्या गावाकडं कुणी फिरकलंसुद्धा नव्हतं. तो धूर कुणाच्या तरी गंजीचा होता म्हणे. बसून राहिलो असतो तर अण्णा पावसाळ्यात चालले असते. मी हे कुणापुढं बोलले न्हाय, पण त्या काळ्या भाकरीकडं बघून मला असा राग आला, की ती तव्यासकट उकिरड्यावर फेकून दिली.

उत्तरेश्वर पुढं एकदा घरी आला. नारळ घेऊन आला, उंबऱ्याबाहेरच बसला, आत येईना. अक्कानं त्याला ताक दिलं. म्हणाली, "भाऊ, तुमची चूक न्हाय. तुम्ही दयाच केली." तो ताक न पिताच रडत बसला. मालक त्या दिवशी दिवसभर दुकानातनं घरी आले न्हायत.

त्यानंतर अक्काच्या तोंडून तो शब्द म्या ऐकला न्हाय. हळू म्हणायची, सावकाश म्हणायची. दचकली तर नुसते ओठ आवळायची. लोकांची मातुर रीघ लागली. कुणाची मान, कुणाचा खांदा, कुणाची तुझ्यासारखी कंबर. हसणारे गेले मरून, त्यांच्या सुना यायच्या. सगळ्यांना बरं वाटायचं, उठून चालत जायचे. अण्णा बाजंवर पडून त्यांना जाताना बघायचे. एकदा मला म्हणाले, "प्रेमा, तुझ्या अक्कानं सारं गाव चालवलं. मी तेवढा शिल्लक राहिलो." चहा ठेवते म्हणून आत गेले.

अण्णा तसेच पडून गेले. लई वर्षं काढली, पण तशीच काढली. कमरेतनं अंग लाकूड झालेलं. आमच्यात मेलेल्या माणसाला बसवून नेतात, बसवूनच माती देतात, ते तुला ठावं हाय. मांडी घालायची, पाठ ताठ, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती. अन् ह्या माणसाला इतक्या वर्षांत कुणी बसवला नव्हता. पाय वळंनात. भाऊबंदातल्या गड्यांनी जोर लावला. एक म्हणाला, "दाब गुडघा, आता काय त्याला दुखतंय!" अन् दाबला. सांध्यातनं आवाज आला.

अक्का बायांत बसली होती, ती उठली. लंगडत लंगडत पुढं आली. गड्यांचे हात बाजूला सारले अन् अण्णांचा गुडघा आपल्या दोन्ही हातांत घेतला, जसा रोज घ्यायची तसा. अन् एवढ्या वर्षांनी तिच्या तोंडातनं तो शब्द आला.

"मेल्लग. मेल्लग."

एक पोरसवदा गडी, भला होता, तो तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "व्हय काकू, मेले ते. सोडा आता."

माझ्या अंगाचा भडका उडाला. मी तिथनंच वरडले, "गप ए! ती हळू म्हणतीय! हळू म्हणतीय ती!"

सगळे थांबले. ह्या बारीला ऐकू गेलं सगळ्यांना. गडी मागं सरले. अक्कानं एकटीनं एक पाय वळवला, मग दुसरा, बोटबोट करत, मधी थांबत, जणू त्यांना दुखंल. कुणी घाई केली न्हाय. अण्णांची मांडी बसली. मग तिनं त्यांच्या डाव्या पायाचा अंगठा धरला अन् लई वेळ तसाच धरून ठेवला. क्रिया करायला आलेला जंगम बाहेर थांबून राहिला.